गाळावरचा लाल माठ

एप्रिल संपत आला की आमच्या रस्त्याच्या कडेला काळे ढीग दिसायला लागतात. नालेसफाई सुरू झालेली असते. पोकलेन नाल्यात हात घालून ओला गाळ वर ओढतो, कडेला टाकतो, आणि तो वाळेपर्यंत तिथेच पडून राहतो. रिक्षावाले तिथून जाताना तोंडावर रुमाल ओढतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हे कधी उचलणार?’ म्हणून फोटो पडतात. यंदाही पडले. मीही ओढणी नाकाला लावते, पण चार पावलं गेल्यावर ती आपोआप खाली येते. त्या वासात शेण असतं, साबण असतो, कुजलेली पानं असतात, गंजलेलं लोखंड असतं. आणि या सगळ्याच्या तळाशी मातीचा वास असतो. तो मी लगेच ओळखते, कारण एका उन्हाळ्यात तो आमच्या घरात राहायला आला होता.

आमचं घर मरोळला. आरेची झाडी जिथे संपते आणि कारखान्यांच्या भिंती सुरू होतात, त्या हद्दीवर. चार मजल्यांची जुनी सोसायटी, मागे एक लहानसं पाणी डोंगरावरून खाली येतं आणि पुढे तळ्याला मिळतं. तळ्याला नकाशात काहीतरी नाव आहे, आम्ही कधी वापरलं नाही. आमच्यासाठी ते नुसतं तळं. त्या पाण्याला मात्र नावं होती. मी लहान असताना आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला व्हाळ म्हणायचे. त्यांच्या कणकवलीकडच्या गावात घरामागून असंच पाणी जायचं, त्याला व्हाळ म्हणतात. मी शाळेत गेले तेव्हा पुस्तकातला शब्द शिकले आणि त्याला ओढा म्हणायला लागले. नंतर कधीतरी, कुणी ठरवलं नसताना, सगळेच त्याला नाला म्हणू लागले. पाण्याचा उतार बदलला नव्हता, वाटही तीच होती.

व्हाळ होता तेव्हा मे महिन्यात आई आणि शेजारच्या बायका गोधड्या धुवायला तिथे जात. पाणी घोट्याएवढंच, पण तळाचे खडे दिसायचे. आम्ही मुलं फेस पकडायला खाली थांबायचो. साबणाचा पांढरा फेस दगडाला अडून डोलायचा, उन्हात त्यात रंग दिसायचे. तो फेस पुढे तळ्यात जातो, तिथे गेल्यावर त्याचं काय होतं, असा प्रश्न आम्हाला पडला नाही. आमच्या आयांनाही नाही.

तळ्यात काठापासून थोडं आत एक मोठा खडक होता. त्याच्या पलीकडे जायची बंदी होती. ‘तिकडे खोल आहे, म्हैससुद्धा पोहते,’ असं आई सांगायची. पुढे डोंगराच्या उतारावर इमारती आल्या. पाया खणलेली लाल माती पावसाळ्यात व्हाळातून खाली यायची, पाणी चहाच्या रंगाचं होऊन धावायचं. आम्ही गॅलरीतून बघत म्हणायचो, काय झकास पूर आलाय. एके वर्षी पाण्यावर जांभळी फुलं आली. जलपर्णी हे नाव तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आईने कौतुकाने ती फुलं देव्हाऱ्यात ठेवली, तर आरती संपायच्या आत माना टाकून बसली. पुढच्या वर्षी फुलं दुप्पट झाली. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी दिसेनासं झालं. आता मे महिन्यात त्या खडकाच्या पलीकडे पोरं क्रिकेट खेळतात. खोल कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. ते कुठे गेलं नाही. ते भरलं. दरवर्षी थोडं थोडं, गॅलरीत उभं राहून आम्ही टाळ्या पिटत होतो तेव्हा.

आप्पा तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं धडपडून अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. इतकी सगळी वर्षं त्यांचा एकच बेत होता. निवृत्त झाल्यावर गावी जायचं, भावांबरोबरच्या सामाईक शेतात भात लावायचा, कडेने भाजी. आईला हा बेत मान्य नव्हता. तिचा जन्म लालबागचा. ‘तुम्ही जा, मी दिवाळीला येते,’ असं ती म्हणायची, आणि आप्पा हसायचे. मग भावांच्या मुलांनी शेत विकायचं ठरवलं. सगळ्यांची सही लागत होती. आप्पा गेले, सही करून आले, बॅग कोपऱ्यात ठेवली आणि खिडकीत बसले. भांडले नाहीत, रडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. नुसतं बोलणं कमी झालं. चहा दिला की प्यायचे, जेवायला वाढलं की जेवायचे. मी प्रयोगशाळेतून परत यायचे तेव्हा टीव्ही चालू असायचा आणि आप्पा खिडकीबाहेर बघत असायचे. मी लग्न केलेलं नाही, आईवडिलांकडेच राहते. त्यामुळे ती शांतता मी रोज बघत होते.

त्या उन्हाळ्यात नालेसफाई नेहमीपेक्षा मोठी होती. व्हाळ तळ्याला मिळतो ते तोंड पार बुजलं होतं, तिथे पोकलेन उतरवला होता. आमच्या गेटापासून थेट कोपऱ्यापर्यंत गाळाच्या राशी. एका संध्याकाळी मी कामावरून येत होते, तर आप्पा एका राशीसमोर उभे. वरची साय वाळून तिला भेगा पडल्या होत्या. त्यांनी एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग बोटांनी चुरडून वास घेतला. लोक नाक दाबून जात होते आणि हा माणूस वास घेत होता.

‘आप्पा, घाण आहे ती,’ मी म्हटलं.

‘ही बघ गो बाय,’ त्यांनी मूठ माझ्यापुढे केली. ‘तेल लावल्यासारी चमाकता. असली माती गावाक पन मिळूची नाय.’

बऱ्याच दिवसांनी त्यांना इतकं लांब वाक्य बोलताना मी ऐकत होते. म्हणून मी पुढे काही म्हटलं नाही.

भाजीच्या पिशवीतून माती घरात आली. आईने दारातच अडवलं. ‘अहो, हे काय आणलंत? नाल्यातलं? घरात?’

‘नाल्यातला नाय. डोंगरावरचा.’

‘वास नाल्याचा येतोय.’

‘सुकली की जातलो.’

गॅलरीत जुनी चादर पसरून त्यांनी माती वाळवली. खडे, प्लास्टिकचे तुकडे, बाटलीची झाकणं वेचून काढली. दोन दिवस घरात बसवत नव्हतं. आईने उदबत्त्यांचा पुडा संपवला. मग वास खरंच कमी झाला. आप्पांनी एका फुटक्या बादलीत ती माती भरून लाल माठ पेरला. कोवळे लाल ठिपके इतक्या लवकर वर आले की आईसुद्धा सकाळी दात घासता घासता बघायला गेली.

मग बादली पुरेना. सोसायटीच्या पाठीमागे, पाण्याच्या टाकीशेजारी एक रिकामा पट्टा होता, मोडक्या खुर्च्या आणि जुने कमोड टाकायची जागा. आप्पांनी तो साफ केला. डंपरच्या ड्रायव्हरशी बोलून गाळाची एक खेप तिथे उतरवून घेतली. ड्रायव्हरला तर बरंच, त्याचा लांबचा फेरा वाचला. मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, आप्पा सकाळ-संध्याकाळ तिथे. भेंडी, वांगी, अळू, चवळी, आणि वाफाभर लाल माठ. सोसायटीतली माणसं आधी हसली. ‘काका, कमळं लावा, चिखलच आहे.’ मग पानं तळहाताएवढी झाली आणि हसणारे पिशवी घेऊन यायला लागले. आप्पा कुणालाही नाही म्हणत नव्हते. रात्री जेवताना ते आता सांगायचे, आज भेंडी फुलावर आली, अळवाला पाणी जास्त झालं. आई मला हळूच म्हणाली, ‘नाल्यातली तर नाल्यातली. माणूस परत बोलायला लागला ना.’

तळमजल्यावर सुमनताई गायकवाड राहतात. मूळच्या जालन्याकडच्या, नवऱ्याबरोबर तरुणपणी इथे आल्या. त्यांचे यजमान गेल्यापासून आप्पांना त्या भाऊ म्हणतात आणि ते म्हणणं नुसतं तोंडदेखलं नाही. त्या जूनमध्ये त्यांची मुलगी प्रतिभा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रक्त कमी आहे, पालेभाज्या खा. आप्पांना हे कळल्यावर काय विचारता. रोज सकाळी माठाची एक ताजी जुडी, मुळं धुऊन, दोऱ्याने बांधून, स्वतः सुमनताईंच्या दारात. ‘चेडवाक रगात भरतला,’ पोरीला रक्त भरेल, असं म्हणायचे.

एके दिवशी कामाला निघताना मी त्यांना ती जुडी घेऊन जिना उतरताना बघितलं. पावसाची झड येऊन गेली होती, पानांवर थेंब होते. इतका गर्द लाल रंग. आणि माझ्या मनात एकदम आलं, ही माती कुठून आली ते आपल्याला माहीत आहे.

मी अंधेरीला एका खाजगी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करते. सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी, बोअरवेलचं, कारखान्यांचं. आयुष्यभर लोकांच्या बाटल्या तपासल्या आणि घरात आलेल्या मातीकडे मात्र मी मुलगी म्हणून बघत राहिले होते. त्या सकाळी मी परत फिरले, टाकीमागच्या पट्ट्यातली थोडी माती आणि चार काड्या माठ पिशवीत घेतला.

मातीचं काम आमच्याकडे शेट्टी बघतो. माझ्या बरोबरीचा, विक्रोळीत वाढलेला, मराठी आमच्यापेक्षा फर्डं. दोन दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला.

‘कुठल्या शेतातून आणलीस गं ही माती? नत्र बघ, स्फुरद बघ. खत घालायची गरजच नाही यार. विकायला काढ.’

‘तळ्याच्या तोंडावरचा गाळ आहे.’

तो खुर्ची ओढून बसला. ‘तरीच. शेण, संडास, साबण, सगळं उतरलंय त्यात. झाडाला मजा आहे. पण थांब, शिसंही आहे. माठाच्या पानांत पण उतरलंय. फार नाही, पण असायला नको एवढं. रस्त्यावरचं पाणी येत असेल, बॅटऱ्या तोडणारे असतील वर कुठे, काय सांगायचं. कोण खातंय ही भाजी?’

‘आम्ही. सगळी बिल्डिंग. खाली एक पोटुशी मुलगी.’

‘मी माझ्या पोरीला देणार नाही,’ शेट्टी म्हणाला. ‘फुलं लावायला सांग काकांना.’

त्या संध्याकाळी मरोळ नाक्यावर उतरून घरापर्यंतचं अंतर मी इतक्या सावकाश चालले की मागून येणारे धक्के मारून पुढे गेले. मला शब्द सापडत नव्हते. शिसं, नत्र हे शब्द होते. पण ज्या माणसाचं शेत एकदा गेलंय त्याला परत, तुमचं हेही नको, हे कसं सांगायचं याला शब्द नव्हते. तळ्याला काय झालंय हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं. वरून माती येते, मातीला चिकटून खत येतं, पाणी नको इतकं पोसलं जातं, शेवाळं वाढतं, जलपर्णी वाढते, ती मरून कुजते आणि खाली मासा गुदमरतो. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. पण तेव्हा ते तळ्याला होत होतं. आता ते आमच्या ताटात होतं.

आप्पा जेवायला बसले होते. ताटात अळूचं फदफदं. मी पुढे होऊन म्हटलं, ‘आप्पा, थांबा जरा. ते खाऊ नका.’

सांगितलं. सोपं करून, पण सगळं सांगितलं. आईचा हात डावावर तसाच राहिला. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. माझ्याशी वाद घातला नाही, तुझ्या मशीनला काय कळतं असंही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘सुमनच्या चेडवान पन खाल्ल्यान ना गो ती भाजी?’

‘हो.’

‘मीच नेवन दिलंय. रोज.’

ते उठले, हात धुतले, शर्ट घातला. मी म्हटलं, मी सांगते त्यांना, मला नीट सांगता येईल. ‘नाय,’ ते म्हणाले. ‘दिली मी. सांगूक पन मीच जातलंय.’ मी मागे मागे गेले.

सुमनताईंनी दार उघडलं. आप्पांना एरवी त्यांच्याकडे बसायला सांगावं लागत नाही, त्या दिवशी ते उंबऱ्यातच उभे राहिले. जे कळलं ते सांगितलं. त्यांची मालवणी अशा वेळी आणखी घट्ट होते, त्यामुळे मधेमधे मी मराठीत सांगत होते. आत प्रतिभा पाय लांब करून बसली होती, तिने पोटावर हात ठेवला. सुमनताईंनी आप्पांच्या दंडाला धरून त्यांना आत ओढलं.

‘भाऊ, बसा आधी. घामाघूम झालात.’

‘माझ्या हातान झाला गो सुमन.’

‘तुम्ही काय विष म्हणून दिलं का? लेकीचं रक्त वाढावं म्हणून दिलं ना? मग?’ त्या पाणी आणायला वळल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘उद्या दवाखान्यात जाऊ. डॉक्टरबाई काय म्हणतात ते बघू. तुम्ही चला बरोबर.’

आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, प्रतिभाचं रक्त तपासायला पाठवलं. दोन-तीन आठवड्यांच्या भाजीने घाबरण्यासारखं नसतं म्हणाल्या, पण आता बंद करा. तपासणी ठीक आली. गणपतीच्या आधी प्रतिभाला मुलगी झाली, गुटगुटीत. ती आता चालते, बोलते, जिन्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत हाका मारते. पण रक्ताचा निकाल येईपर्यंतचे ते दिवस आप्पा सकाळी सुमनताईंच्या दारावरून जाताना पावलं न वाजवता जायचे. जुडी नेण्याची ती वेळ असायची.

भाजी त्यांनी दुसऱ्याच दिवशी उपटायला घेतली. मी रजा घेतली होती. आई खाली आली, पदर खोचला, आणि चवळीचे वेल ओढायला लागली. सोसायटीतल्या लोकांना मी घरोघरी जाऊन सांगितलं. काही चिडले, काही म्हणाले, बाजारातली भाजी तरी कुठे चांगली असते. तेही खोटं नव्हतं. भेंडीला फुलं होती. आप्पा प्रत्येक झाड बुडाशी धरून हलक्या हाताने सोडवत होते, पुन्हा लावायचं असल्यासारखं.

व्हाळाच्या खालच्या अंगाला एक तबेला आहे, तिथला यादव ढीग बघून थांबला. ‘काका, फेकताय कशाला? म्हशींना द्या की.’

आप्पांनी मान हलवली. ‘म्हशीन खाल्लान, तर दूध परत आपल्याच पोटात येतलां.’

यादव हसला, आणि मग त्याला अर्थ लागला. त्याच्या तबेल्याचं पाणी कुठे जातं हे तो जाणून होता. आम्हीही जाणून होतो. तो वाईट माणूस नाही. त्याने तबेला विकत घेतला तेव्हापासून शेण धुतलेलं पाणी एकाच चरातून व्हाळात जातं, त्याच्या आधीच्या मालकाचंही तिथूनच जायचं.

मला भीती होती ती खरी झाली. आप्पा परत खिडकीत बसले.

श्रावणात दोन दिवस उघडीप होती. एका रविवारी मी म्हटलं, ‘आप्पा, चला, व्हाळ बघून येऊ. खालपासून वरपर्यंत.’ ते का तयार झाले ठाऊक नाही. बहुतेक मी नाला न म्हणता व्हाळ म्हटलं म्हणून.

तळ्यापाशी सुरुवात केली. हिरवं, जाड पाणी, वर बगळे चालत होते, खाली जमीन असल्यासारखे. मग व्हाळाच्या कडेकडेने वर. आधी गॅरेजांची रांग, जमिनीवर तेलाचे डाग. मग चाळी, प्रत्येक मोरीचं एक तोंड पाण्याकडे. मग यादवचा तबेला. मग आमच्याच सोसायटीची मागची भिंत. त्या भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता आणि त्यातून पांढरा फेस पडत होता. आप्पा थांबले.

‘हो आपलो?’

‘आपलाच. मोऱ्यांचं आणि कपडे धुतलेलं पाणी. बांधल्यापासून असाच आहे म्हणतात.’

आईची मशीन सकाळी लावलेली असते. निळी पावडर ती जरा सढळ हाताने टाकते. आप्पा त्या फेसाजवळ वाकले.

‘म्हंजे मी माझाच परत घरात आणलंय,’ ते म्हणाले.

पुढे डोंगर कापून केलेला उतार लागला. वर टॉवर, खाली उघडी लाल माती, पावसाने तिच्यात बोटं घातल्यासारख्या घळी. आणि त्याच्याही वर गेल्यावर आरेची झाडी सुरू झाली, एक पाडा लागला, दोन बायका दगडावर भांडी घासत होत्या, राखेने. तिथून वरचं पाणी स्वच्छ होतं. तळाचे खडे दिसत होते. आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उभे राहिले. वाकून तळातली चिमूटभर माती घेतली, बोटांवर पसरली.

‘हय चांगलीच आसा गो,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या आजारी माणसाची विचारपूस करून आल्यासारखा होता. ‘मातीचो काय दोष? वरसून निघाली तेव्हा चांगलीच होती.’

त्यानंतरची गोष्ट मोठी नाही. शेट्टीने म्हटलं तसं आप्पांनी टाकीमागच्या पट्ट्यात झेंडू लावला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जिथे ते आजवर हजेरीपुरते बसायचे, ते पाइपाबद्दल बोलायला उभे राहिले. लोक म्हणाले, काका, सगळा मरोळ सोडतोय, आपल्या एका पाइपाने काय होणार? आप्पा म्हणाले, काही होणार नाही. पण मग त्या घाणीत आपला वाटा असणार नाही. सेक्रेटरी हसले, पुढचा विषय घेतला. आप्पा पुढच्या मीटिंगला परत उभे राहिले. पाइप पालिकेच्या बंद गटाराला जोडायला खूप काळ गेला, पण जोडला गेला. तळ्याला त्याचं काही कळलं नाही. आजही मे महिन्यात ते हिरवंच असतं, जलपर्णी काढतात, पुन्हा येते. यादवने शेण साठवायला एक टाकी बांधली आहे, ती अर्धा वेळ भरून वाहते. डोंगरावर आणखी दोन टॉवर आले. कुणाला शिव्या द्याव्यात तर त्या शिव्या फिरून आपल्याच दारात येतात. मी पाणी तपासत राहते. आकडे कधी जरा बरे येतात, कधी वाईट. बरे आले की मी आप्पांना सांगते, वाईट आले तरी सांगते.

पण त्या हंगामातलं मला सर्वात जास्त आठवतं ते दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं. झेंडू असा फुलला होता की टाकीमागे नजर ठरत नव्हती. केशरी, पिवळा, मुठीएवढी फुलं. अख्ख्या सोसायटीच्या तोरणांना पुरून उरेल इतका. दुपारी आमच्या घरात खाली सतरंजी टाकून आम्ही तिघं तोरणं ओवायला बसलो होतो. सुमनताई बाळाला प्रतिभाकडे ठेवून आंब्याची पानं पुसायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘एवढा फुलला, म्हणजे त्या गाळात दम आहे हो भाऊ.’

आप्पांनी मला विचारलं, ‘समज, उद्यापासून सगळ्यांनी सोडूचा बंद केल्यानी. तळां सुधारतला?’

मी जे खरं ते सांगितलं. ‘लगेच नाही. इतक्या वर्षांचं तळाला साठलंय ना. वरून येणं थांबलं तरी तो गाळ आतूनच थोडं थोडं सोडत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच फरक नाही. खूप वर्षं लागतात.’

‘आत साठलेलां भायर येवक येळ लागता,’ आप्पा म्हणाले. सुईत दोरा ओवायला लागले. तो दोन-तीनदा चुकला. मग सुई तशीच हातात ठेवून, कुणाकडे न बघता ते बोलायला लागले.

‘सहीच्या दिवशी मी सकाळी एकटोच शेतात गेलंय. घेणाऱ्याचो माणूस टेप लावन मोजीत होतो. मी बांधावर चढताना चप्पल काढलंय. तो म्हणता, काका, चप्पल घाला, काटे आहेत. मी म्हटलंय, सवय आसा. बापाशीन सांगितल्लां, शेतात चप्पल घालून जावचा नाय. मगे माझ्या ध्यानात इला, शेत आता माझा नाय. मगे मी चप्पल घातलंय, आणि तसोच आत गेलंय.’

सुमनताईंनी हातातलं पान खाली ठेवलं.

‘हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,’ आई म्हणाली.

‘तू इचारलंस खंय?’

आईच्या तोंडात उत्तर आलं होतं, मला दिसलं. लालबागचं, तिखट. ते तिने गिळलं. मांडीवरचं तोरण बाजूला ठेवलं, सरकून त्यांच्या जवळ बसली आणि म्हणाली, ‘आता विचारते. बांधावर काय काय होतं?’

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्या शेताबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

‘एक फणस होतो,’ ते म्हणाले. ‘कापो. त्येका खाली, अगदी बुडाशी लागायचे. उभ्यान तोडूक यायचे नाय, बसाचा लागायचा.’

‘बसून?’

‘बसान. आणि त्येच्या पलीकडे...’

ते सांगत राहिले. आईने त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून दिला, आणि म्हणाली, ‘हं, पलीकडे काय?’